कोंबडी लंगडतेय: औषधाआधी काय तपासायचं?

जांभाअंगण
रत्नागिरीजवळ परसात वनराजा जातीच्या ७ कोंबड्या आणि १ कोंबडा आहे. त्यातली एक मादी डाव्या पायाने लंगडते आहे. जाणकारांनी मत द्यावं म्हणून सगळी माहिती एकदमच देते.

वय ११ महिने. पाटीत बसवून वजन केलं तर २ किलो ८०० ग्रॅम भरलं. दाणा खाते, पाणी पिते, पण बाकीच्या धावल्या की ही मागे राहते आणि मध्येच बसकण मारते. अंडं दिवसाआड होतं, ते थांबलंय. शी नेहमीसारखी. शिंका, घरघर, नाकाला पाणी असं काही नाही. बाकी सगळ्या ठणठणीत. खाद्य सकाळी लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), संध्याकाळी तांदळाची कणी, साधारण निम्मं-निम्मं. खुराड्यात चिऱ्याची फरशी आणि वर तूस, पण पावसामुळे दाराजवळचं तूस ओलं राहतं. बसायला चिरलेला बांबू, जमिनीपासून साडेचार फुटांवर.

एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक पाण्यातून द्या असा सल्ला मिळालाय. सुरू करू का?

खुराडं
ताई, थांबा. लंगडणं हे लक्षण आहे. काटा रुतला तरी कोंबडी लंगडते, अंडं अडकलं तरी लंगडते आणि मज्जातंतूचा आजार झाला तरी लंगडते. या तिन्हींपैकी एकालाही ते औषध लागू पडत नाही. आधी पाय नीट बघा. क्रम चुकवू नका, खालून वर जायचं.

पकडण्याआधी पाच मिनिटं लांबून नुसतं बघा. पाय उचलून धरते की जमिनीवरून ओढते? बोटं सरळ पडतात की मुडपतात? पंख लोंबतोय का? एकदा हातात घेतली की चाल दिसत नाही, म्हणून हे आधी.

मग रात्री, ती बसायच्या जागी स्थिरावल्यावर, टॉर्चच्या उजेडात उचला. दिवसा मागे धावून पकडली तर दुखरा पाय आणखी दुखावतो. जुन्या पंच्यात गुंडाळा, डोक्यावर पंच्याचं टोक येऊ द्या, काखेत धरा. छातीवर दाब नको. पक्ष्यांना माणसासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली तरच हवा आत जाते. घट्ट आवळली तर कोंबडी हातातच गुदमरते.

आता तळवा. कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन चिखल आणि विष्ठा पूर्ण काढा. न धुता बघितलेला तळवा हा न बघितल्यासारखाच. मधल्या गादीवर काळी खपली आहे का, बोटांच्या बेचक्यात फुगवटा आहे का, काटा किंवा काच आहे का ते बघा. बोटांच्या मुळाशी केस, सुतळीचा धागा, मांजा गुंडाळलेला असतो, तो कातडीत रुतून वर सूज आली की दिसतच नाही. भिंगातून बघा.

नंतर नळीवरचे, म्हणजे पायाच्या बिनपिसांच्या उघड्या भागावरचे खवले, नंतर घोटा. पायाच्या मधोमध मागे वळणारा जो सांधा दिसतो तो घोटा, खरा गुडघा वर पिसांत असतो. हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही घोट्यांची ऊब ताडून बघा. नेहमी दोन्ही पाय शेजारी शेजारी धरूनच ठरवायचं, एकटा पाय बघून सूज कळत नाही. मग मांडी, खुबा, आणि शेवटी पोट: शेपटीखाली अंड्यासारखं कडक काही लागतंय का.

पशुवैद्य_प
वरचा क्रम अगदी बरोबर. त्यात एक चाचणी घाला, तिच्याने निम्मा निकाल लागतो.

तळव्याखाली तुमचं बोट द्या. निरोगी पाय बोटाला घट्ट पकडतो. दुखरा पायही पकडतो, फक्त मागे ओढून घेतो. मज्जातंतूवर आजार असेल तर पकड ढिली लागते किंवा लागतच नाही, आणि बोटाच्या कडेला हलका चिमटा काढला तरी प्रतिक्रिया उशिरा येते. तसंच, वेदना असलेली कोंबडी पाय उचलून धरते, तर कमजोरी असलेली कोंबडी पाय ओढते किंवा बोटांच्या पाठीवर चालते. लांबून बघताना हाच फरक शोधा.

वयही महत्त्वाचं. पहिल्या तीन आठवड्यांत जीवनसत्त्व बी-२ ची कमतरता, घोट्यामागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी) सरकणं, पाय फाकणं. साधारण ६ ते ३० आठवड्यांत मरेक्स हा मज्जातंतूंचा विषाणूजन्य आजार आधी डोक्यात आणायचा. अंड्यावर आलेल्या मादीत कॅल्शियम आणि अडकलेलं अंडं. वजनदार, वर्षाच्या आसपासच्या पक्ष्यात तळव्याचा गळू म्हणजे बंबलफूट. तुमच्या वर्णनावरून मला शेवटचा संशय जास्त आहे: वजन, उंची, चिरा, ओलं तूस, चिरलेला बांबू, सगळंच त्याच्याकडे बोट दाखवतंय. पण फोटो बघितल्याशिवाय नाही.

एन्रोफ्लॉक्सासिन अंड्यावरच्या कोंबड्यांना देऊ नका. त्याचा अंश अंड्यात उतरतो आणि बरेच दिवस राहतो. पाण्यातून दिलं तर आजारी कोंबडी, जी कमी पाणी पिते, तिलाच कमी मिळतं आणि बाकीच्या सात पक्ष्यांना विनाकारण जातं.

तूसभुसा
तपासेपर्यंत तिला वेगळी ठेवा. डालग्याखाली किंवा मोठ्या क्रेटमध्ये, बाकीच्या दिसतील अशा जागी. पूर्ण एकटी पाडली तर खाणं सोडते, आणि परत सोडल्यावर बाकीच्या टोचून हैराण करतात. खाली १० सेंटिमीटर कोरडं तूस, पाणी आणि खाद्य चोचीच्या पल्ल्यात. बसायला दांडी द्यायची नाही.

जांभाअंगण
काल रात्री सांगितल्याप्रमाणे तपासली. फोटो टाकलेत.

डाव्या तळव्याच्या मधोमध गोल काळी खपली आहे, पट्टीने मोजली तर ८ मिलिमीटर. भोवती कातडी तांबूस, थोडी फुगलेली, उजव्यापेक्षा ऊन. बोटांमध्ये धागा, केस नाही. खवले सपाट. दोन्ही घोटे सारखे, थंड. पकड दोन्हीकडे घट्ट. चिमटा काढल्यावर लगेच पाय ओढला. पोटात अंडं लागत नाही. उजव्या तळव्यावर खपली नाही, पण मधली कातडी गुळगुळीत आणि चमकदार झालीय, बाकीच्या कोंबड्यांसारखी खरखरीत नाही.

पशुवैद्य_प
छान तपासलंत. हा बंबलफूटच, आणि उजवा पाय त्याच वाटेवर आहे. चमकदार गुळगुळीत तळवा ही पहिली पायरी. खपली आणि सूज ही दुसरी. सूज बोटांत आणि घोट्याकडे चढली, की जंतू शिरेत किंवा हाडात गेले, ती तिसरी. तुम्ही दुसरीच्या सुरुवातीला आहात, घरी उपचार करण्यासारखा टप्पा आहे.

आत काय होतं ते समजून घेतलं तर उपचार नीट होतात. तळव्यावर सतत एकाच जागी दाब पडला की तिथलं रक्ताभिसरण कमी होतं आणि कातडी झिजते. त्या झिजेतून बहुधा स्टॅफिलोकॉकस हा जंतू आत शिरतो. आणि पक्ष्यांचा पू माणसासारखा पातळ नसतो. तो घट्ट, पनीरसारखा गोळा होतो. म्हणून तो दाबून वाहत नाही आणि त्याच्या मध्यापर्यंत औषधही पोचत नाही. पिळायचा प्रयत्न केला तर गोळा बाहेर येण्याऐवजी जंतू आणखी खोल ढकलले जातात.

हा जंतू माणसालाही जखमेतून लागतो. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका.

खुराडं
मग गोळा काढल्याशिवाय सुटका नाही असंच झालं ना? सर्जिकल ब्लेडने खपलीच्या कडेने गोल चीर द्यायची आणि खपलीसकट गोळा उपटून काढायचा, ही पद्धत बरेच जण वापरतात. एका बैठकीत काम होतं.

पशुवैद्य_प
खुराडं दादा, या टप्प्यावर माझा त्याला विरोध आहे आणि कारणं सांगतो. तळव्याच्या गादीखाली लगेच बोटं वळवणाऱ्या शिरा असतात. गोळा कुठे संपतो आणि शीर कुठे सुरू होते हे रक्त यायला लागल्यावर दिसत नाही. शीर कापली गेली तर ते बोट कायमचं निकामी. दुसरं, भूल न देता कापणं म्हणजे कोंबडीचे हाल, आणि घरच्या घरी भूल द्यायलाही जाऊ नका. लिग्नोकेनसारखी औषधं पक्ष्यांना फार थोड्या मात्रेत चालतात, माणसाच्या अंदाजाने टोचली तर झटके येऊन पक्षी मरतो. तिसरं, खोल खड्डा पडला की रोज ती जखम विष्ठेतच टेकणार.

८ मिलिमीटरच्या खपलीला भिजवून मऊ करून हळूहळू सोडवणं पुरतं. गोळा मोठा असेल, किंवा दहा-बारा दिवसांत सूज उतरत नसेल, तर दवाखान्यात भूल देऊन काढावा. तिथे पू तपासून कोणतं प्रतिजैविक चालेल तेही ठरवता येतं.

आता कृती.

एका पसरट टबात कोमट पाणी, हाताला सुखद लागेल इतकंच. एका लिटरला दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. पाणी नळीच्या निम्म्यापर्यंत यावं. कोंबडीला पंच्यात धरून १५ मिनिटं उभी ठेवा. हे पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. पाय बाहेर काढून स्वच्छ कापडाने टिपून कोरडा करा, बोटांच्या बेचक्यासकट.

खपलीची कड मऊ होऊन सुटली असेल तर गॉजने हलकी घासून तेवढीच काढा. ओढावी लागत असेल तर आज नाही, उद्या. पाच-सहा वेळा भिजवल्यावर बहुतेक खपल्या आपणहून सुटतात आणि कधी कधी खालचा पिवळट खडाही तिच्याबरोबर उचलून येतो. मग पाच टक्के पोव्हिडोन आयोडीनने धुवा, वाळू द्या, सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम पातळ लावा. त्यावर गॉजची छोटी घडी. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज वापरू नका, नवीन भरून येणारं मांस त्याने जळतं.

पट्टी चिकटपट्टीची नको, स्वतःलाच चिकटणारी बँडेज मिळते ती घ्या. सव्वा-दीड सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. नळीवर एक वेढा, तिथून पहिल्या आणि दुसऱ्या बोटाच्या बेचक्यातून तळव्यावर, परत नळीवर, मग पुढच्या बेचक्यातून, असे सगळे बेचके घ्यायचे. ताण देऊन ओढायची नाही. तासाभराने बोटांची टोकं बघा. थंड किंवा निळसर वाटली तर लगेच सोडा. पहिले चार-पाच दिवस रोज बदला, नंतर दिवसाआड. पट्टी ओली झाली तर वेळ न बघता बदला, ओली पट्टी ठेवण्यापेक्षा पट्टी नसलेली बरी.

उजव्या पायाला भिजवणं आणि कोरडं ठेवणं एवढंच. तिथे पट्टी नको. पूर्ण भरून यायला तीन-चार आठवडे धरा.

तूसभुसा
पाय बरा झाला आणि खुराडं तसंच राहिलं तर पुढच्या महिन्यात दुसरी लंगडेल. वनराजा आणि गिरिराजासारख्या जड जातींना साडेचार फूट उंची फारच होते. चढताना त्रास नाही, उतरताना आहे. पावणेतीन किलोचं धूड पंख फडफडत चिऱ्यावर आदळतं आणि सगळा भार तळव्याच्या मधल्या गादीवर येतो. गावरान कोंबडी सव्वा-दीड किलोची, ती झाडावरून उतरली तरी चालतं.

दांडी ४५ ते ६० सेंटिमीटरवर आणा. लाकडी, ४ ते ५ सेंटिमीटर रुंद, वरच्या कडा रंध्याने गोल केलेल्या. चिरलेला बांबू पूर्ण काढून टाका. त्याच्या धारेवर आणि पेराच्या गाठीवर रात्रभर तोच एक ठिपका दाबला जातो, तुमच्या फोटोतली खपली नेमकी तिथे आहे. अख्खा बांबू ठेवायचा असेल तर पेरं तासून सपाट करा, आणि तो घरंगळू नये म्हणून दोन्ही टोकांना खाच करून पक्का बसवा. एका पक्ष्याला २५ सेंटिमीटर जागा, म्हणजे तुम्हाला २ मीटरची दांडी लागेल. जागा नसेल तर दोन दांड्या एकाच उंचीवर, मध्ये ३५-४० सेंटिमीटर अंतर. एक उंच एक ठेंगणी ठेवली की सगळ्या उंचावर चढायला भांडतात आणि ढकललेली खाली पडते.

तूस सगळीकडे ८ ते १० सेंटिमीटर. मूठभर घेऊन आवळा. मूठ उघडल्यावर सुटं झालं तर ठीक, लाडू होऊन राहिला तर ते ओलं आहे. दाराजवळचं आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस पावसाळ्यात रोज बघायचं, ओलं झालेलं काढूनच टाकायचं. ओल्यावर कोरडं पसरलं की वरून छान दिसतं आणि खाली अमोनिया तयार होतो. ओलसर विष्ठेत उभं राहून तळव्याची कातडी भिजून नरम पडते, त्यानंतर बारीक खडाही पुरतो. पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगलं तर सांडणं बरंच कमी होतं.

अंगणात जांभ्याची खडी असेल तर तेही बघा. जांभ्याचे तुटके कण धारदार असतात. कोंबड्या जिथे जास्त वावरतात, खाद्याच्या जागेजवळ, तिथे तरी माती टाका.

लसूणघास
कणीबद्दल बोलायचं राहिलंय, आणि लंगडण्याशी तिचा दोन बाजूंनी संबंध आहे.

पहिली बाजू वजन. निम्मी कणी म्हणजे निम्मा पिष्टमय आहार. वनराजा चरबी लवकर धरते. चरबी वाढली की तळव्यावर भार आणि अंडं कमी, दोन्ही एकदम.

दुसरी बाजू कॅल्शियम. मादी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. लेअर मॅशमध्ये साडेतीन टक्के कॅल्शियम धरलं तर पूर्ण मॅशवर तिला ३.८ ग्रॅम मिळतं. निम्मी कणी दिली की ५५ ग्रॅम मॅश, म्हणजे १.९ ग्रॅम, कारण कणीत कॅल्शियम जवळजवळ नसतंच. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं आणि खाल्लेल्यातलं जेमतेम निम्मं अंगी लागतं. दिवसाआड अंडं देणारीचं यात कसंबसं भागतं. रोज अंडं देणारी मादी हाडातलं काढून कवच बनवते, आणि मग एका सकाळी दोन्ही पायांत जोर नसल्यासारखी बसून राहते.

ओळख सोपी: कॅल्शियमचं दुखणं दोन्ही पायांत असतं, एकाच पायात नाही. कवच पातळ किंवा खरखरीत झालेलं असतं. अशा वेळी कॅल्शियम कार्बोनेटची ५०० मिलिग्रॅमची, डी-३ असलेली गोळी चुरून अर्धी सकाळी अर्धी संध्याकाळी, दोन-तीन दिवस. त्याबरोबर शिंपल्याचा चुरा कायम वेगळ्या भांड्यात. खाद्यात मिसळू नका, ज्या मादीला हवा ती आपणहून खाते. अंड्याची टरफलं द्यायची तर भाजून, बारीक कुटून. अख्खी टरफलं टाकली की अंडं फोडायची सवय लागते.

कणी संध्याकाळी दर पक्ष्याला १० ते १५ ग्रॅम, म्हणजे लहान मूठ. बाकी पोट मॅशने भरू दे. वर लसूणघास किंवा शेवग्याचा पाला. तळव्याची कातडी मजबूत राहायला अ जीवनसत्त्व लागतं आणि कणीत तेही नाही.

याच्या उलटही सांगून ठेवतो. लेअर मॅश पिल्लांना आणि तलंगांना देऊ नका. अंड्यावर यायच्या आधी एवढं कॅल्शियम मूत्रपिंडाला झेपत नाही, युरिक आम्ल साठतं आणि सांध्यांवर पांढऱ्या खडूसारख्या गाठी येतात. तेही लंगडणंच, पण ते बरं होत नाही.

मोगरा_सिन्नर
याच धाग्यात विचारते. खुडुकीखाली (अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली) निघालेली गावरान पिल्लं आहेत, १२ दिवसांची. दोन पिल्लं घोट्यावर बसून सरकतात, बोटं आत मुडपलेली, मुठी वळल्यासारखी. खाद्य कणी आणि बाजरीचा भरडा. तिसऱ्या एका पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात.

पशुवैद्य_प
बोटं आत वळलेली दोन पिल्लं म्हणजे बी-२, रायबोफ्लेविनची कमतरता. नुसत्या धान्यावर पिल्लं वाढत नाहीत. आजच चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य आणा. पक्ष्यांसाठीचं बी-कॉम्प्लेक्स बाटलीवरच्या मात्रेने पाण्यातून द्या आणि या दोघांना ड्रॉपरने वेगळं द्या, कारण ती पाण्यापर्यंत पोचतच नसतील. उकडलेल्या अंड्याचा बलक चुरून द्या, त्यात रायबोफ्लेविन भरपूर. बोटं हाताने सरळ करून जाड कागदाच्या तुकड्यावर पट्टीने चिकटवा, छोटी चप्पलच म्हणा, दोन-तीन दिवस. लवकर पकडलं तर पिल्लू चार दिवसांत उभं राहतं. उशीर झाला तर मज्जातंतूची इजा तशीच राहते.

पिल्लांखाली कागद अंथरला असेल तर फाकलेल्या पायांचं बहुधा तेच कारण. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्लाचे पाय घसरतात. खरखरीत गोणपाट किंवा तूस घाला. दोन्ही नळ्यांना मऊ पट्टीची बेडी बांधा, मध्ये अडीच सेंटिमीटर, उभं राहता येईल इतकी. तीन ते पाच दिवस ठेवा, रोज सोडून बघा.

एखाद्या पिल्लाचा घोटा सुजून चपटा झाला असेल आणि पाय बाजूला पिळवटला असेल, तर घोट्यामागची शीर खोबणीतून सरकलेली असते. मँगनीज आणि कोलीनच्या कमतरतेने होतं. पहिल्या दिवशी शीर बोटाने जागेवर बसवता येते, नंतर नाही. चिक स्टार्टरने बाकीची पिल्लं तरी वाचतात.

देशीतलंग
चार महिन्यांची तलंग. एक पाय पुढे ताणलेला, एक मागे, एका कुशीवर पडून असते. डोळे तेज आहेत, समोर ठेवलं की खाते. तळवे स्वच्छ. बोटाची पकड डावीकडे अजिबात नाही. तेलाने मालिश आणि बी-कॉम्प्लेक्स चालू आहे, फरक नाही.

पशुवैद्य_प
पकड नाही, वय चार महिने, एक पाय पुढे एक मागे: मरेक्सचा संशय सगळ्यात आधी. विषाणूचा आजार आहे, मज्जातंतूंत गाठी धरतात. औषध नाही. मालिशने काही होत नाही. दोन्ही डोळ्यांची बुबुळं बघा, आजूबाजूचा रंग राखाडी आणि बाहुलीची कड वेडीवाकडी झाली असेल तर शंका आणखी बळावते.

नक्की निदान मेलेल्या पक्ष्याच्या तपासणीतच होतं. मांडीच्या आतल्या स्नायूंखाली पायाकडे जाणारा जाड मज्जातंतू असतो. निरोगी असला तर पांढरा, चकचकीत, त्यावर बारीक आडव्या रेषा दिसतात. मरेक्समध्ये तो दुप्पट-तिप्पट जाड, पिवळट राखाडी होतो आणि रेषा पुसल्या जातात. बहुधा एकाच बाजूचा जास्त सुजतो, म्हणून दोन्हीकडचा काढून शेजारी ठेवून बघतात. पक्षी मेला तर दोन पिशव्यांत घालून बर्फात ठेवा, गोठवू नका, आणि २४ तासांत पोचवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पुढे पाठवता येतो. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. दवाखाना लांब असेल तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

हा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि खुराड्यात कित्येक महिने जिवंत राहतो. आता बाकीच्यांना लस देऊन उपयोग नाही. लस पहिल्याच दिवशी, पिल्लं निघाल्या निघाल्या, मानेच्या कातडीखाली देतात. म्हणून तलंगा विकत घेताना मरेक्सची लस झालीय का हे विचाराच. खुडुकीखाली निघालेल्या पिल्लांना ती सहसा मिळतच नाही. बाटली बहुतेक १००० मात्रांची असते आणि विरघळवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. गावातल्या चार-पाच घरांनी खुडुक एकाच वेळी बसवल्या तर ते जमू शकतं. माणसाला हा आजार होत नाही.

आणि एक धोक्याची खूण सगळ्यांसाठीच. लंगडण्याबरोबर मान पिळवटणे, हिरवी पातळ शी, तोंड उघडून श्वास, किंवा दोन-तीन पक्षी एकदम आजारी असं दिसलं, तर तो पायाचा प्रश्न नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकतो, बर्ड फ्लूही असू शकतो. पक्षी हलवू नका, विकू नका, कापू नका, लगेच दवाखान्यात कळवा. राणीखेतची लस मात्र परसातल्या पक्ष्यांनाही सहज मिळते: लासोटा सातव्या दिवशी, पुन्हा २८ व्या दिवसाच्या सुमारास, आणि आठ आठवड्यांना आर-टू-बी.

खुराडं
खवल्यांचा मुद्दा कुणी घेतला नाही. नळीवरचे खवले उभे राहिलेत, खाली पांढरा चुनखडीसारखा थर आहे, असं असेल तर ती खवल्याखालची सूक्ष्म किडी. जुनी कोंबडी त्यानेही लंगडते. गावाकडे रॉकेलमध्ये पाय बुडवतात, ते करू नका, कातडी जळते. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासा, कोरडं करून व्हॅसलिन किंवा खोबरेल भरपूर लावा. किडी गुदमरून मरते. आठवड्यातून दोनदा, महिनाभर. खवले उपटू नका, नवीन यायला वेळ लागतो. आणि सगळ्या कोंबड्यांना लावा, दांडीलाही.

नाचणी
घरातली डायक्लोफिनॅकची गोळी चुरून चालेल का? दुखणं तरी कमी होईल. आणि मागच्या वर्षीची कोलिस्टीन या प्रतिजैविकाची पुडी शिल्लक आहे, ती देऊ का?

पशुवैद्य_प
दोन्ही नाही. डायक्लोफिनॅक पक्ष्यांच्या मूत्रपिंडावर घाला घालतं. गिधाडं त्यानेच संपत आली म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं गेलं. कोलिस्टीनवर २०१९ पासून खाद्यजनावरांसाठी बंदी आहे, आणि तळव्याच्या या जंतूवर ते तसंही चालत नाही. वेदना जास्त असतील तर पक्ष्यांसाठी मेलॉक्सिकॅम वापरतात, वजन बघून, डॉक्टरांकडूनच.

जांभाअंगण
सगळ्यांचे आभार. खपली भिजवून सुटली, खाली ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा खडा होता, तोही बरोबर आला. रक्त आलं नाही. खड्डा आता गुलाबी आहे, ऊब उतरलीय. दांडी ५० सेंटिमीटरवर आणली, बाकीच्यांचे तळवेही तपासले. आणखी दोघींचे गुळगुळीत आहेत. दोन प्रश्न: या दोघींचं काय करायचं? आणि हिचं अंडं सुरू झालं तर खायचं का?

पशुवैद्य_प
त्या दोघींना औषध नको. दांडी, कोरडं तूस आणि कमी कणी, एवढ्यावर तळवा पुन्हा खरखरीत होतो. महिन्यातून एकदा रात्री टॉर्च घेऊन सगळ्यांचे तळवे बघत जा. पायात वेगवेगळ्या रंगाचे कडे घातलेत तर कुणाचा कोणता पाय हे वहीत लिहिणं सोपं जातं.

तिची पट्टी खड्ड्यावर पूर्ण कातडी धरेपर्यंत चालू ठेवा. वरून सुकलेलं दिसलं तरी मध्ये बोट लावल्यावर ती पाय ओढत असेल तर अजून आठवडा. कळपात सोडताना संध्याकाळी, बाकीच्या बसल्यावर सोडा, म्हणजे टोचाटोच कमी.

फक्त आयोडीन आणि वरून लावायचं मलम वापरलं असेल तर पट्टी नीट झाकून, ती चोच मारून मलम खात नाही ना हे बघून, अंडी उकडून खायला हरकत नाही. पुढे कधी प्रतिजैविक तोंडातून किंवा सुईने द्यावं लागलं, तर अंडी किती दिवस टाकायची ते औषध देतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. तोपर्यंतची अंडी विकायची नाहीत आणि खुडुकीखालीही ठेवायची नाहीत.